कॅम्बरचा स्नोबोर्ड पार्कात कसा वागतो?

स्नोबोर्ड सपाट फरशीवर ठेवा, खाली बसा आणि डोळे जमिनीच्या पातळीला आणून बाजूने पाहा. बोर्ड कॅम्बरचा असेल तर तो फरशीला दोनच ठिकाणी टेकलेला दिसेल. एक जागा पुढचं टोक वर वळायला लागतं त्याच्या जरा अलीकडे, दुसरी तशीच मागे. मधला सगळा भाग हवेत असतो. फट फार मोठी नसते, काही मिलिमीटरच. तळहाताने मध्यावर दाब दिला की ती मिटते, हात काढला की बोर्ड पुन्हा उठतो. या मधल्या कमानीला कॅम्बर म्हणतात. टेरेन पार्कात, म्हणजे उड्या आणि लोखंडी नळ्या मांडलेल्या बर्फाच्या उतारावर, हा बोर्ड जितका हवाहवासा वाटतो आणि जितका मार देतो, त्यातलं बरंचसं या काही मिलिमीटरांतून येतं.

डेन्व्हर, सिएटल, बे एरिया, टोरांटो अशा ठिकाणच्या मराठी घरांतली मुलं आता हिवाळ्यातले शनिवार-रविवार बर्फावर काढतात. पहिली एकदोन वर्षं साध्या उतारावर जातात, मग एक दिवस ‘मला पार्कात जायचंय, कॅम्बरचा बोर्ड हवा’ अशी मागणी येते. दुकानात गेलं की प्रत्येक कंपनीने आपापल्या वाकाला वेगळं नाव दिलेलं असतं. त्या गोंधळात आईबाबा चारपाचशे डॉलर मोजून मोकळे होतात आणि बोर्ड मुलाच्या पायाला कधी जमतच नाही. मुलावर किंवा बोर्डावर राग काढण्याआधी ही कमान काय काम करते ते समजून घेतलेलं बरं.

एसटीच्या किंवा ट्रकच्या चाकांवरचे कमानपाटे आठवा. गाडी रिकामी असली की पाट्यांना चांगला बाक असतो, माल भरला की ते जवळजवळ सरळ होतात. मधोमध आलेला भार पाटा आपल्या दोन्ही टोकांकडे नेतो आणि खड्डा गेला की पुन्हा मूळ बाकावर येतो. कॅम्बरच्या बोर्डाचं तत्त्व हेच आहे, फक्त बाक उलट्या दिशेला. बोर्डावर तुमचे दोन पाय साधारण अर्धा मीटर अंतरावर बांधलेले असतात. बोर्ड अगदी सपाट असता तर तुमचं वजन मुख्यतः पायांखालीच राहिलं असतं आणि दोन्ही टोकं बर्फावर नुसती तरंगत राहिली असती. कॅम्बरमध्ये कमान सपाट करण्यातच तुमच्या वजनाचा काही भाग खर्ची पडतो आणि तो भाग टोकांजवळच्या त्या दोन जागांवर जाऊन बर्फाला दाबतो. त्यामुळे बोर्डाची लोखंडी कड पुढच्या टेकणीपासून मागच्या टेकणीपर्यंत सलग कामाला लागते. १५५ सेंटिमीटरच्या बोर्डावर ही कामाची कड साधारण ११५ ते १२० सेंटिमीटर असते.

ही कमान कारखान्यातच बसते. आत हलक्या लाकडाचा गाभा असतो, बहुधा पॉप्लर, कधी पावलोनिया किंवा बांबू. त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर, तळाला घट्ट प्लॅस्टिकचा बेस आणि दोन्ही बाजूंना पोलादी कड. हे सगळं राळेने भिजवून वाकलेल्या साच्यात गरम दाबाखाली धरलं जातं. राळ पक्की झाली की साच्याचा बाक बोर्डात कायम उतरतो. त्यावर पायांच्या दाबाने दिवसभर वाकणं आणि उलटणं चालू राहतं.

कॅम्बर मुळात स्कीचं देणं आहे. नॉर्वेच्या टेलमार्क भागातले कारागीर एकोणिसाव्या शतकात अशा कमानदार स्की बनवत होते. १९६५ मध्ये अमेरिकेच्या मिशिगन राज्यात शर्मन पॉपेन यांनी दोन स्की जोडून मुलींसाठी जो ‘स्नर्फर’ केला, तो मात्र साधं खेळणं होता. ना पाय बांधायची बाइंडिंग, ना पोलादी कड, तोल सांभाळायला पुढच्या टोकाला बांधलेली दोरी. १९७७ मध्ये व्हरमाँटमध्ये जेक बर्टन कार्पेंटर यांनी बोर्ड विकायला सुरुवात केली. पुढे बोर्डांना स्कीसारखी कड आली, बेस आला, कमान आली, आणि बराच काळ स्नोबोर्ड म्हटलं की कॅम्बरच असा प्रकार होता. २००६ च्या सुमारास लिब टेक कंपनीने ‘स्केट बनाना’ नावाचा, पायांच्या मधोमध उलटा वाकलेला बोर्ड आणला. त्याला रॉकर म्हणतात. मधला भाग बर्फावर आणि टोकं हलकी, वर उचललेली. तो इतका सोपा वाटला की पुढची काही वर्षं जुना कॅम्बर आता संपला असंच लोक बोलत होते. तो संपला नाही. पार्कातल्या मोठ्या उड्यांवर आज जे स्पर्धेत उतरतात, त्यातले बहुतेक कॅम्बरवर किंवा कॅम्बरच मुख्य असलेल्या मिश्र बोर्डावर असतात. याचं कारण उडी कशी घडते ते टप्प्याटप्प्याने पाहिलं की कळतं.

पार्कातल्या मोठ्या उडीला किकर म्हणतात. आधी वेग घ्यायचा उतार, मग वर वळणारा बर्फाचा चढ, त्याच्या टोकाची ओठासारखी धार, पुढे सपाट टेबल आणि त्यापलीकडे खाली उतरणारा तीव्र उतार. टेबल ओलांडून त्या उतारावर उतरायचं. वेग कमी पडला तर माणूस टेबलावर आदळतो. दोन मीटर उंचीवरून सपाटीवर आलात तरी आदळताना वेग ताशी बावीस किलोमीटरच्या वर जातो, आणि तो सगळा गुडघ्यांनी गिळायचा असतो. तीव्र उतारावर उतरलात तर बोर्डाची दिशा आणि उताराची दिशा जवळजवळ एकच असते, म्हणून त्याच उंचीचा धक्का कितीतरी कमी बसतो. म्हणजे उडी सुरक्षित व्हायची तर नेमका वेग आणि सरळ रेषा या दोन गोष्टी उडण्याआधीच हातात हव्यात.

इथेच कॅम्बर पहिल्यांदा उपयोगी पडतो. वेग घ्यायच्या उतारावर बोर्ड जवळजवळ सपाट चालवायचा असतो. रॉकरच्या बोर्डाचा मधला भागच टेकलेला असल्याने तो अशा वेळी डावी-उजवीकडे भिरभिरतो. कॅम्बरचा बोर्ड दोन्ही टोकांनी बर्फाला धरून असतो, सरळ जातो. पायाखाली काहीतरी पक्कं आहे हे जाणवलं की माणूस घाबरून शेवटच्या क्षणी वेग मारत नाही. किकरवर पडणाऱ्यांपैकी पुष्कळजण हवेत चुकलेले नसतात, धारेच्या दहा पावलं आधीच चुकलेले असतात.

दुसरा टप्पा धारेचा. वर वळणाऱ्या चढावर गेलात की शरीर जड होतं, झोका खालच्या टोकाला येतो तेव्हा होतं तसंच. त्या दाबाखाली कमान तर मिटतेच, शिवाय बोर्ड चढाच्या वळणाबरोबर उलटाही वाकतो. धारेवर दाब सुटताना तो परत उसळतो. त्या उसळीला पार्कात ‘पॉप’ म्हणतात. स्प्रिंग दुप्पट वाकवली की तिच्यात साठणारी ऊर्जा चौपट होते. कॅम्बरचा बोर्ड आपल्या मूळ आकारापासून जास्त अंतर वाकलेला असतो, म्हणून तेवढ्याच ताठ सपाट बोर्डापेक्षा त्यातून जास्त परत मिळतं. पण दुकानात पॉपबद्दल जे ऐकवलं जातं त्यात अतिशयोक्ती खूप असते. मोठ्या किकरवर तुम्ही किती उंच जाल हे वेग आणि चढाचा आकार ठरवतात. बोर्डाची उसळ तिथे उंचीपेक्षा तोल राखायला उपयोगी पडते, धारेवर नेमक्या क्षणी, दोन्ही पायांत सारखं, ठाम निघायला. उंचीत खरा फरक पडतो तो छोट्या उड्यांत, आणि त्यातही ऑलीत.

ऑली म्हणजे किकर नसताना स्वतःच्या ताकदीवर मारलेली उडी. कॅम्बरचा बोर्ड काय असतो ते समजायला हिच्याइतकी चांगली गोष्ट नाही. चालत्या बोर्डावर कंबर मागच्या पायाकडे सरकवायची, पुढचा पाय उचलायचा. पुढचं टोक वर येतं, सगळं वजन मागच्या पायाबाहेरच्या शेपटीवर जातं आणि ती शेपटी वाकते. ती पुरती वाकली की मागच्या पायाने उडी मारायची. रॉकरच्या बोर्डावर शेपटी आधीच वर वाकलेली असते, त्यामुळे दाब बसायच्या आतच ती पायाखालून निसटते. कॅम्बरवर ती आधी विरोध करते, मग वाकते, मग ढकलते. त्या विरोधाची वाट पाहायला शिकावं लागतं. नवीन मुलं घाई करतात, शेपटी वाकायच्या आत उडतात आणि मग म्हणतात, या बोर्डाला पॉपच नाही. सपाटीवर सावकाश ऑली मारणाऱ्या एखाद्या मुरलेल्या मुलीला बाजूने पाहा. बोर्ड उचलला जायच्या आधी तिचं शरीर क्षणभर मागे स्थिर झालेलं दिसेल. सगळी कमाई त्या क्षणातली असते.

गिरकी घ्यायची असेल तर कड लागते. डावा पाय पुढे ठेवून चालणारा माणूस फ्रंटसाइड गिरकी (छाती आधी उताराकडे वळते ती) घेताना सहसा टाचेच्या कडेवरून निघतो आणि बॅकसाइड गिरकीला (पाठ आधी वळते ती) चवड्याच्या कडेवरून. धारेपर्यंत तो एक लहानसा वळसा कापत येतो आणि त्या वळशाची दिशाच गिरकी सुरू करून देते. हा वळसा कापताना बोर्ड एकदा जरी सरकला तरी गिरकीचा अक्ष तिरका होतो आणि हवेत गेल्यावर तो सरळ करता येत नाही. टोकांपर्यंत बर्फ धरणारी कड ही इथली सगळ्यात मोठी गरज असते. हाफपाइपमध्ये, म्हणजे अर्ध्या नळीच्या आकाराच्या बर्फाच्या खोल चरात, ती आणखी वाढते, कारण भिंती जवळपास ६.७ मीटर उंच, वरच्या भागात जवळजवळ उभ्या आणि दगडासारख्या घट्ट असतात. २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये जपानच्या आयुमू हिरानोने ट्रिपल कॉर्क १४४० मारून सुवर्ण जिंकलं, तीन वेळा तिरकं उलटून एकूण चार वेढे. असं काही करायला पुरेल इतका वेग पाइपच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीकडे जाताना टिकवायचा असतो, आणि भिंतीवर कड घसरली की पहिल्यांदा जातो तो वेगच.

उतरताना कॅम्बर दोन्ही रंग दाखवतो. तोल थोडा मागे गेलेला असताना उतरलात तर दाबलेली ताठ शेपटी तुम्हाला आधार देते. रॉकरवर त्याच वेळी शेपटी पायाखालून निघून जाते आणि माणूस पाठीवर पडतो. पण तोल फारच मागे असेल तर कॅम्बरची शेपटी वाकून उलट फेकते. बोर्ड थोडा आडवा आला तर आणखी वाईट. समजा ३६० ची गिरकी घेतली आणि ती थोडी अपुरी राहिली. बोर्ड उताराला आडवा टेकतो. खालच्या बाजूची कड, तीही टोकांजवळच्या त्या दोन दाबलेल्या जागांवर, बर्फात रुतते. शरीर पुढे जातच राहतं. याला कड अडकणं म्हणतात आणि हे इतक्या झटक्यात होतं की हात पुढे करायलाही वेळ मिळत नाही. टाचेकडची कड अडकली तर डोक्याची मागची बाजू आपटते. म्हणून हेल्मेट हवंच. स्नोबोर्डिंगमध्ये सर्वाधिक दुखावणारा अवयव मनगट आहे, तेव्हा शिकणाऱ्या मुलांना मनगटाचे गार्डही घाला, त्यांना ते कितीही गावंढळ वाटले तरी.

जो दाब वळताना पकड देतो तोच आडवं उतरल्यावर अडकवतो. त्यातला एक ठेवून दुसरा पूर्ण काढता येत नाही, कमी मात्र करता येतो. त्यासाठी कड बोथट करतात. पुढच्या आणि मागच्या टेकणीच्या आसपासची काही सेंटिमीटर कड कानसीने किंवा दगडाने किंचित गोल करायची. बोट फिरवलं तर धार लागू नये, पण कोन अजून जाणवावा इतपतच. नव्या बोर्डाची कड कारखान्यातून चांगलीच धारदार येते, आणि पार्कात नेण्याआधी एवढं काम करून घेतलं तर अर्धे अपघात टळतात असं माझं ठाम मत आहे. ज्यांचा सगळा वेळ रेल्सवर, म्हणजे पार्कातल्या लोखंडी नळ्यांवर, जातो ते दोन पायांमधली कडही बोथट करतात. मात्र अख्ख्या बोर्डाची कड मारून टाकू नका. तसं केलं तर ज्या पकडीसाठी कॅम्बर घेतला तीच गेली, मागे उरला नुसता ताठपणा.

आता रेल आणि बॉक्स. रेल म्हणजे लोखंडी नळी किंवा पट्टी, बॉक्स म्हणजे वर प्लॅस्टिकचा पत्रा असलेला रुंद पेटारा. इथे बर्फावरचे नियम उलटतात. लोखंडात कड शिरत नाही, म्हणून बोर्ड जरासा कलला की पाय निघून जातात. बेस सपाट ठेवायचा, बास. सरळ रेलवर बोर्ड लांबीने चालवला तर कॅम्बर छान सरळ राहतो, आणि उंच रेलवर चढायला त्याची ऑली कामी येते. अवघड जातं ते प्रेस आणि बटर. प्रेस म्हणजे रेलवर किंवा बर्फावर एका टोकावर वजन टाकून दुसरं टोक उचलून धरायचं. बटर म्हणजे तसंच उचललेल्या अवस्थेत गोल फिरायचं. रॉकरवर टोक आधीच उचललेलं असतं, जरा झुकलं की काम होतं. कॅम्बरवर आधी कमान मोडायची, मग पलीकडे वाकवायचं, आणि तेवढा वेळ कंबर पार पायाच्या बाहेर नेऊन धरायची. मांड्या भरून येतात. कॅम्बरवरचा लांब, खोल प्रेस पाहायला मला फार आवडतो, कारण त्यात माणसाची ताकद आणि बोर्डाचा विरोध दोन्ही दिसतात. पण कोणाला दिवसभर तेच करायचं असेल तर त्याने मऊ, सपाट किंवा मिश्र बोर्ड घ्यावा. कॅम्बरशी झटापट करत बसण्यात काही शौर्य नाही.

बर्फाची प्रतही मोजायला हवी. कॉलरॅडोत सकाळी पार्क यंत्राने दाबून, रात्रीच्या थंडीने आवळलेला असतो. किकरच्या चढावर बोर्ड खरखर वाजतो. अशा वेळी कॅम्बरसारखा सोबती नाही. एप्रिलमध्ये दुपारी तोच बर्फ पाणचट होतो, टोकांजवळचा दाब त्या लगद्यात रुततो आणि वेग खातो. गुलमर्गला जायचा बेत असेल तर हा बोर्ड घरीच ठेवा. तिथल्या अफरवट डोंगराच्या उतारांची ख्याती आहे ती ताज्या, भुसभुशीत, खोल बर्फासाठी. तिथे पुढचं टोक वर तरंगायला हवं. पार्कचा कॅम्बर बोर्ड नेमकं तेच टोक खाली दाबतो, आणि मग मागचा पाय दिवसभर त्याला वर उचलत राहतो.

कंपन्यांनी मधले मार्ग बरेच काढले आहेत. काही बोर्डांत पायांमध्ये कॅम्बर आणि टोकांना थोडा रॉकर असतो. पार्कात नुकत्याच स्थिरावलेल्या मुलांना हा प्रकार सर्वात जास्त मानवतो, कारण पकड बरीचशी राहते आणि टोकं उशिरा अडकतात. काहींत उलट, पायांमध्ये रॉकर आणि पायांखाली कॅम्बर. तो जास्त मोकळा, फिरता लागतो. बॅटेलियनसारखी कंपनी लांबीने कॅम्बर ठेवते आणि टोकांजवळ बेसच्या दोन्ही कडा आडव्या दिशेने किंचित वर उचलते. सपाट चालताना कड बर्फापासून दूर, कलल्यावर जवळ. मला ही कल्पना हुशारीची वाटते, कारण ती दाबाला हात न लावता अडकण्याची जागा तेवढी उचलते.

बोर्ड घेताना नुसता कॅम्बर पाहून भागत नाही. पार्कासाठी ट्विन आकार घ्या, म्हणजे पुढचं आणि मागचं टोक अगदी सारखं. गिरकीनंतर उलटं उतरावं लागतं आणि तेव्हा बोर्डाला पुढे-मागे असा फरक असून चालत नाही. ताठपणा मध्यम ठेवा. कंपन्यांच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर चार ते सहा. अर्थात प्रत्येक कंपनीची पट्टी वेगळी असते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नका. लांबी उंचीपेक्षा वजनावरून ठरवा. हलक्या मुलाला मोठ्या माणसाचा कॅम्बर दिला तर त्याच्या वजनाने कमानच मिटत नाही आणि सगळं गणित तिथेच फिसकटतं. मोठ्या भावाचा बोर्ड धाकट्याला देताना घराघरांत हेच होतं. जुना बोर्ड घेत असाल तर दोन्ही बाजूंनी कमान सारखी आहे का, कुठे थर सुटलेत का, कडेला भेग आहे का ते बघा. फार वापरलेल्या बोर्डाची कमान हळूहळू बसते.

नवा कॅम्बर बोर्ड पार्कात थेट नेऊ नका. आधी रुंद, दाबलेल्या उतारावर दोन्ही कडांवर वळसे कापा, टोकं कुठे पकडतात ते पायाला कळेपर्यंत. मग सपाटीवर सावकाश ऑली. मग १८० ची गिरकी, आणि उलट्या बाजूने उतरून तसंच चालत राहायचं. मग बुटका, रुंद बॉक्स, सरळ. अमेरिकेतल्या पार्कांत नारिंगी अंडाकृती पाट्यांवर उड्यांचा आकार लिहिलेला असतो. एस म्हणजे लहान, त्याने सुरुवात करा, आणि पहिल्या फेरीत उडी न मारता बाजूने जाऊन चढ, टेबल आणि उतार डोळ्यांनी मोजून घ्या. बर्फ काल कसा होता आणि आज कसा आहे हे त्याच फेरीत कळतं. मग एकदा गिरकीशिवाय, नुसतं सरळ उडून उतारावर उतरा. ते सहज जमलं, बोर्ड धारेवर शांत राहिला, की मग कड वापरायला घ्या.